बगळ्यांच्या झाडाची किंमत

युरोपात फेब्रुवारीच्या सुमारास राखी बगळे जुन्या वसाहतींकडे परतू लागले की वसंताची चाहूल लागते. महाराष्ट्राच्या पठारावर हा ऋतू मृगाबरोबर येतो. पावसाळा तोंडावर आला की गायबगळ्याच्या डोक्यावर व मानेवर केशरी झाक चढते, वंचकाची पाठ किरमिजी होते आणि गावातील जुन्या चिंचा-वडांवर काटक्यांची घरटी दिसू लागतात. पक्षिअभ्यासक अशा वसाहतीस सारंगागार म्हणतात. गावकऱ्यांच्या लेखी ते बगळ्यांचे झाड.

परतण्याचे मोल विट्यास समजावून सांगावयास नको. येथील गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगले आहेत आणि गावच्या ओढीने परत येतात. मागे घर उभे असते, म्हणूनच परतणे शक्य होते.

या सोन्याशी बगळ्याचाही एक जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांच्या विणीच्या हंगामातील तलम पिसांना प्रचंड मागणी आली. 1903 च्या सुमारास अमेरिकेत त्यांचा वजनी भाव सोन्याच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. पक्षी घरट्यांवरच मारले गेले, पिले उपाशी मेली. हिंदुस्थान सरकारने 1902 मध्ये रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली.

तेव्हा बाजाराने किंमत लावली म्हणून पक्षी संकटात आला. आज बाजार काहीच किंमत लावीत नाही म्हणून त्याचे झाड संकटात आहे. रस्तारुंदीकरणाच्या हिशेबात वड म्हणजे केवळ लाकूड. गुरांमागे फिरून नाकतोडे टिपणारा गायबगळा शेतकऱ्याकडे मजुरी मागत नाही. साहजिकच त्याचे काम कोणत्याच वहीत चढत नाही. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी टापूत आणले, शिवारे हिरवी झाली. पाणी उपसून आणता येते. शंभर वर्षांची चिंच तशी आणता येत नाही. तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात लावलेले रोप घरट्यांचा भार पेलण्याइतके होईपर्यंत बगळ्यांच्या अनेक पिढ्या बेघर होतात.

झाडाखाली विष्ठा पडते, दुर्गंधी सुटते, ही रहिवाशांची तक्रार खोटी नव्हे. परंतु तो त्रास काही महिन्यांचा आहे. नियमित सफाई आणि तात्पुरते आच्छादन यांनी तो सुसह्य करता येतो. फांद्या छाटून पिले खाली पाडणे हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीतच गणले आहे. शहरी वृक्षतोडीवर 1975 च्या राज्य कायद्याचेही नियंत्रण आहे.

आवश्यकता आहे ती अंमलबजावणीची. नगरपालिकांनी पावसाळ्यात बगळ्यांच्या झाडांची नोंद करावी, विणीच्या काळात तेथे कुऱ्हाड चालू देऊ नये आणि रस्त्याची आखणी त्या नोंदी पाहूनच व्हावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल. 2020 साली सांगली जिल्ह्यातीलच भोसे येथील जुन्या वटवृक्षासाठी महामार्गाच्या आखणीत बदल करण्यात आला होता. एका वृक्षासाठी रस्ता वळू शकतो, तर पक्ष्यांच्या वसाहतीसाठी तो का वळू नये?