क्षमेची घाई

पाद्री आणि मानसवैद्य यांनीं एकत्र बसूं नये असें म्हणणारे कांहीं थोडे नाहींत. त्यांतले आम्ही नव्हों. झुरिकचा पाद्री ऑस्कर फिस्टर यानें १९०९ पासून फ्रॉइडशीं स्नेह राखला. १९२७ सालीं फ्रॉइडनें धर्माला भ्रम ठरविलें, तेव्हां पुढच्याच वर्षीं त्यानें सडेतोड उत्तर दिलें. तरी स्नेह तुटला नाहीं. अमेरिकेंत अँटन बॉइसेन हा धर्मोपदेशक स्वतः वेड्यांच्या इस्पितळांत राहून आलेला. त्यानें १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसावयास लाविलें. आमचें भांडण आहे तें त्यांच्यामागून आलेल्या सोप्या उपायांशीं.

‘स्मृतींच्या आरोग्याची’ प्रार्थना हा त्यांतलाच एक. डोळे मिटावे, बाळपणचा तो प्रसंग आठवावा, आणि तेथें ख्रिस्त आला आहे अशी कल्पना करावी. ज्याला झालेलें स्पष्ट आठवतें त्याला यानें धीर येत असेल, तर तो हिरावून घेणारे आम्ही कोण? पण ज्याला कांहींच आठवत नाहीं त्याला ‘प्रार्थना करा, आठवेल’ असें सांगणें म्हणजे विस्तवाशीं खेळणें होय. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत एलिझाबेथ लॉफ्टस यांनीं २४ जणांना, ‘तुम्ही लहानपणीं दुकानांच्या गर्दींत हरवलां होतां,’ अशी खोटी हकीकत घरच्यांच्या नांवें सांगितली. ६ जणांनीं ती थोडीबहुत खरी मानली. मग सांगणारा जेथें देवाच्या नांवानें बोलतो तेथें काय होईल?

क्षमेची घाई याहून वाईट. जवळच्याच माणसानें जिचें बाळपण नासलें अशी बाई वीस-तीस वर्षांनीं तोंड उघडते, आणि येशूनें पेत्राला सांगितलेला क्षमेचा हिशेब तिला लगोलग ऐकविला जातो! मत्तयाच्या ज्या १८ व्या अध्यायांत तो हिशेब आहे, त्याच्याच आरंभीं लहानग्यांना अडखळविणाराच्या गळ्यांत जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे. ती मात्र कोणी वाचीत नाहीं. क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा गाभा, असें म्हणतील. असेना, पण ऋण मोजल्यावांचून तें सोडावयाचें कसें? ज्यूडिथ हर्मन यांनीं १९९२ सालच्या ग्रंथांत आधीं सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि मगच जगाशीं पुन्हा नातें, असा क्रम लाविला. शोकाला लागणारी भाषा चर्चच्या घरचीच आहे. स्तोत्रसंहितेंत विलाप आहेत, शापहि आहेत. १०९ वें स्तोत्र पाहावें. तें त्या बाईच्या हातीं कोण देतो?

आणि पीडित अजून अल्पवयीन असेल, तर आपल्या देशांत २०१२ च्या कायद्यानें ऐकणाराला पोलिसांत कळविणें भाग आहे. तेथें प्रार्थना करावी ती कळवून आल्यावर.