नूतनीकरणात वाऱ्याची वाट विसरू नये

अलीकडे आपल्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांचे नूतनीकरण मोठ्या उत्साहाने होत आहे. काचेची दारे येतात, फॉल्स सीलिंग येते, पंचकर्मासाठी स्वतंत्र कक्ष निघतो. हे स्वागतार्हच आहे. मात्र या आखणीत वाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही कंत्राटदाराच्या सोयीने होतो. त्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

नागपुरातील आमच्या राहत्या घरीच तळमजल्यावर दवाखाना व औषधालय आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून बाहेरील कूलरची हवा जस्ती पत्र्याच्या डक्टने आत आणलेली होती. पूर्वी तेथे एकच प्रशस्त दालन होते व समोरची खिडकी उघडी असे. नूतनीकरणात दालनाच्या तीन खोल्या झाल्या, खिडकी कपाटामागे गेली आणि त्याच डक्टला दोन वळणे देऊन तीन तोंडे काढली गेली. "डॉक्टरसाहेब, आता तिन्ही खोल्या गार," असे कंत्राटदाराने सांगितले. आम्हीही मान डोलावली.

पहिल्याच उन्हाळ्यात गारवा कमी आणि दमटपणा फार, अशी अवस्था झाली. औषधालयातील लवणभास्कर चूर्णाचे खडे झाले, यवक्षाराला पाणी सुटले. स्वेदनानंतर पहुडलेल्या एका रुग्णाच्या मानेवर थेट झोत येत होता. दुसऱ्या दिवशी मान धरल्याची तक्रार घेऊन तो परत आला. चरकसंहितेतील कुटीस्वेदाची कुटी जाड भिंतींची व गवाक्षरहित असते, हे रुग्णांना कौतुकाने सांगणारे आम्ही. आणि निवात कक्षात वात आम्हीच नळीने आणून सोडला होता!

दोष कूलरचा नव्हता. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो. ती जितकी आत येईल तितकी बाहेर जाण्यास वाट हवी. वाट बंद झाली की प्रवाह मंदावतो व ओलावा साचतो. शिवाय अरुंद डक्टमध्ये वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर रोध सुमारे चौपट होतो. प्रत्येक वळण त्यात भर घालते. तोंडे वाढविल्याने हवा वाढत नाही, ती केवळ वाटली जाते.

यावर जुन्याच डक्टला वातानुकूलन यंत्र जोडण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. तोही सावधपणे घ्यावा. त्या यंत्राची रीत उलट आहे: तेथे खोली बंद हवी आणि हवेला यंत्राकडे परतण्याचा मार्ग हवा. उष्णतारोधक आवरण नसलेल्या पत्र्यावर दव साचते, ते फॉल्स सीलिंगमध्ये ठिबकते आणि बुरशी धरते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, भिंतीची पहिली वीट हलण्यापूर्वी वैद्याने स्वतः नकाशावर वाऱ्याचा प्रवेश आणि निर्गम रेखाटावा. औषधसाठ्याच्या खोलीत कूलरची हवा सोडूच नये. स्वेदन व विश्रांतीकक्षाच्या तोंडाला बंद करता येणारी झडप असावी आणि स्वेदनाची वाफ स्वतंत्र पंख्याने बाहेर जावी. काम चालू असताना डक्टची सर्व तोंडे प्लास्टिकने बांधावीत. अन्यथा प्लास्टरची धूळ पुढे रुग्णांच्या श्वासात जाते.

यात खर्च वाढतो, असा आक्षेप येईल. परंतु नकाशावरील रेघ खोडण्यास काहीच लागत नाही; बांधलेले सीलिंग उघडण्यास किती लागते, हे आम्हांस ठाऊक आहे. शार्ङ्गधराने चूर्णाची वीर्यमर्यादा मुळातच दोन महिन्यांची सांगितली आहे. दमट खोलीत ठेवून ती आपणच आणखी घटवावी काय? रुग्ण आपल्या दवाखान्यात सजावटीसाठी येत नाही. त्याला खडे न झालेले चूर्ण आणि निवात शय्या मिळावी, एवढी काळजी नूतनीकरणाचा नकाशा हाती घेताना प्रत्येकाने वाहावी, हीच विनंती.