नोंदवहीत नसलेला रोग

सोलापूरचे आणि खोकल्याचे नाते जुने आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराने कापसाचे तंतू श्वासावाटे घेतले. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांनी तंबाखूची धूळ घेतली. दाट वस्तीत क्षयरोगही पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला राहिला. त्यामुळे महिनाभर खोकणारा, वजन उतरलेला माणूस दवाखान्यात आला की त्याच्या रोगाचे नाव तपासणीपूर्वीच निम्मे ठरलेले असते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. प्रश्न आहे तो ते ज्यांच्या बाबतीत चुकते त्यांचा. आणि त्याहून गंभीर प्रश्न हा, की ही चूक कोणत्याच कागदावर उमटत नाही.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. या जंतूचे गोत्र फार मोठे आहे. त्यातील क्षय व कुष्ठरोग यांचे जंतू वगळता उरलेल्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात. ते पाण्यात व मातीत राहतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातील पाणी व माती यांतून ते वेगळे केल्याचा निबंध 2009 साली प्रसिद्ध केला. निरोगी माणसाला त्यांच्यापासून सहसा उपद्रव होत नाही. परंतु पूर्वीच्या क्षयाने वा धुळीने जर्जर झालेल्या फुप्फुसांत ते ठाण मांडतात. उपकरणांचे निर्जंतुकीकरण नीट झाले नाही तर शस्त्रक्रियेच्या वा इंजेक्शनच्या जखमेतही शिरतात.

घोटाळा सुरू होतो तो येथे. थुंकी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता दोन्ही जंतू सारखेच लाल काड्यांसारखे दिसतात. ‘सीबीनॅट’ ही चाचणी क्षयाचा जंतू आहे की नाही हे सांगते; दुसरा कोणता आहे, ते सांगत नाही. त्यासाठी जंतूंचे संवर्धन करावे लागते व काही आठवडे थांबावे लागते. तेवढा धीर आणि तेवढी सोय सर्वत्र नसते. मग क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिन्यांनी गुण आला नाही, तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा संशय घेतला जातो आणि अधिक कडक औषधे येतात. वस्तुतः या जंतूंच्या काही जातींवर क्षयाची नेहमीची औषधे जवळजवळ निरुपयोगी असतात.

रोगांची यादी जगभर एकच असावी, या विचारातून जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने 1893 साली मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले. त्याचीच परंपरा जागतिक आरोग्य संघटना 1948 पासून चालवीत आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत क्षयाला ए-15 ते ए-19 हे संकेतांक आहेत. जंतुपरीक्षेने सिद्ध न झालेला श्वसनमार्गाचा क्षय ए-16 मध्ये जातो. क्षयेतर जंतूंना ए-31 हे स्वतंत्र घर असून, त्यांचा फुप्फुसातील विकार ए-31.0 होय. 2022 पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीतही हे वेगळेपण राखलेले आहे. म्हणजे यादीत जागा आहे. परंतु केसपेपरवर केवळ ‘क्षय’ एवढाच शब्द असेल, तर अभिलेख विभागातील लिपिकाने ए-31 लिहावे तरी कशाच्या आधारावर? लिपिक रोग ओळखत नसतो. डॉक्टरांनी जे लिहिले त्याचा तो अंक करतो. जे लिहिलेच नाही त्याचा अंक होत नाही.

या न लिहिण्यामागे केवळ आळस आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 7 मे 2012 पासून क्षयरुग्णाची शासनाला सूचना देणे बंधनकारक आहे. ‘निक्षय’ प्रणालीत नाव आले की मोफत औषधे मिळतात, आणि पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपयेही मिळतात. क्षयेतर जंतूंच्या रुग्णासाठी अशी देशव्यापी सक्तीची नोंद नाही, आणि तो आधारही नाही. रोगाचे नाव बदलले की गरिबाच्या हातचे हजार रुपये जातात. अशा वेळी दयेपोटीही जुनेच नाव चालू ठेवावेसे वाटले तर नवल नाही. पण ही दया रुग्णाला चुकीच्या औषधांवर ठेवते आणि सरकारला अज्ञानात ठेवते. ज्या रोगाचा आकडाच नाही, त्याच्यासाठी औषधांची तरतूद अंदाजपत्रकात कोण मागणार?

उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. हे जंतू पाण्यात असल्यामुळे थुंकीत एकदा सापडले म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. लक्षणे व छातीचे चित्र यांच्या जोडीला थुंकीच्या निदान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तोच जंतू वाढला पाहिजे, असा निकष तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूत्रांत आहे. उपचार वर्षाहून अधिक काळ चालतात. ते उगाच कोणाच्या माथी मारता येत नाहीत. तेव्हा काटेकोर नोंद हे दुहेरी संरक्षण आहे.

सोलापुरात 1963 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथून आरंभ होण्यास हरकत नसावी. कोणती चाचणी, कोणत्या दिवशी, कोणता जंतू, हे तिन्ही केसपेपरवर लिहिले जावे. निदान बदलले तर जुनी नोंद कारणासह दुरुस्त व्हावी. प्रयोगशाळांना सापडलेल्या क्षयेतर जंतूंचा आकडा दरवर्षी जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे जावा. आणि शासनाने औषधांची व पोषणाची मदत या रुग्णांनाही द्यावी, म्हणजे खरे नाव लिहिण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागणार नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही; लेखणी आणि शिस्त एवढे पुरे आहे. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईला आपल्या खोकल्याचे खरे नाव कळण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काचा पहिला कागद म्हणजे तिचा केसपेपर.