घरचा वकील, पण कोणाच्या घरचा?

वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलानें अगर मुलीनें कोर्टांत उभें न राहतां एखाद्या सरकारी शेतीसंस्थेंत विधि अधिकाऱ्याची जागा पत्करली, म्हणजे घरांतील वडील मंडळींची मुद्रा थोडी उतरते. वकिली म्हणजे काळा डगला, कोर्टाची पायरी आणि ओटीवर खोळंबलेले पक्षकार, हें चित्र आपल्या मनांत पिढ्यान्‌पिढ्या ठसलेलें आहे. पगारी वकील म्हणजे धड वकीलही नव्हे व धड कारकूनही नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज विचार करूं.

तिच्यांत थोडें तथ्य आहे, तें आधींच मान्य केलेलें बरें. वकील परिषदेच्या नियमाप्रमाणें पूर्ण वेळ पगारी नोकरी करणारास एरव्हीं सनद चालू ठेवून वकिली करतां येत नाहीं. सन २००१ मध्यें हिमाचल प्रदेशच्या वीजमंडळांतील एका विधि अधिकाऱ्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हीच गोष्ट स्पष्ट केली. तेव्हां डगला खुंटीस लागतो, हें खरें. मग त्याचें हातीं उरतें काय? उरतो तो अभिप्राय. आणि त्या अभिप्रायाचें मोल किती, तें आमच्या कर्जत-खालापूरच्या भातशेतीवरून उत्तम समजतें.

कर्जत येथें सन १९१९ पासून भातसंशोधनाचें केंद्र आहे. सन १९७२ मध्यें दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आज हें केंद्र त्याच विद्यापीठाचा भाग आहे. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ हे वाण आणि ‘सह्याद्रि’ नांवाचें संकरित भात हीं सर्व तेथलींच अपत्यें होत. शास्त्रज्ञानें वाण काढला व शेतकऱ्यानें पेरला, एवढ्यानें गोष्ट संपत नाहीं. सन १९६६ च्या बियाणें कायद्यानें लेबल, उगवणशक्ति, नमुना घेणें व प्रयोगशाळेचा दाखला हीं सर्व कलमांत बांधलीं. सन २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानें वाण निर्माण करणारास हक्क दिला, तसाच शेतकऱ्यासही दिला. संरक्षित वाणाचें बीं त्यानें राखून ठेवावें, पुन्हां पेरावें, शेजाऱ्याशीं बदलावें, विकावेंही. मात्र छापील नांवाच्या पिशवींत भरून विकूं नये. खालापुराकडे तर मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग व खोपोलीचे कारखाने आल्यापासून गुंठ्यागुंठ्याला मोल चढलें आहे. तेथें मोजणी, हद्द व सातबारा यांचें काम निराळेंच. हें सर्व ज्याच्या टेबलावर येतें, तो संस्थेचा घरचा वकील.

आतां एक प्रसंग कल्पूं. एका शेतकऱ्यानें सरकारी संस्थेचें भाताचें बियाणें नेलें. वैशाखांत भाजलेल्या राबांत मृगाच्या पावसावर सगळें बीं पेरलें, आषाढांत लावणी केली. पुढें पाहतो तों कांहीं रोपें उंच, कांहीं ठेंगणीं. कांहीं आधीं निसवलीं, कांहीं मागाहून. त्यानें तक्रार दिली, शेतावर पंचनामा झाला, कागद वकिलाकडे आले. येथें एक सोपा शेरा तयारच असतो: ‘तक्रारदारानें बियाण्याचा नमुना राखून ठेविला नाहीं, सबब तक्रार अग्राह्य.’ वरिष्ठ संतुष्ट होतात आणि फाईल बंद होते.

हाच मुद्दा घेऊन राष्ट्रीय बीज निगम ही केंद्र सरकारची संस्था थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. आंध्र प्रदेशांतील शेतकऱ्यांचीं पिकें बुडालीं होतीं. ग्राहकमंचांनीं भरपाई देवविली, तरी निगमानें जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत वाद चालविला. शेतकरी हा ग्राहकच नव्हे, बियाण्यास स्वतंत्र कायदा आहे, नमुना तपासलेला नाहीं, असे त्याचे आक्षेप होते. ता. १६ जानेवारी २०१२ रोजीं न्यायालयानें ते सर्व फेटाळले. शेतकरी आणलेलें बीं सगळेंच पेरतो. तपासणीसाठीं मूठभर मागें ठेवावें, अशी अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? त्याच खेपेचें बियाणें निगमाजवळ असल्यास तपासणीसाठीं त्यानेंच तें पुढें करावयाचें होतें. वाचकहो, हें ज्ञान राब भाजणाऱ्या कोणत्याही घरीं फुकट मिळालें असतें! पहिल्याच टिपणींत कोणी तें लिहिलें असतें, तर शेतकऱ्यांचीं वर्षें व सरकारचा पैसा दोन्ही वांचलीं असतीं.

याचा अर्थ प्रत्येक मागणी मान्य करावी असा नव्हे. दसऱ्यानंतरच्या अवकाळी पावसानें आडवें पडलेलें भात हा बियाण्याचा दोष नाहीं, आणि सरकारी तिजोरी ही सर्वांच्याच घामाची आहे. परंतु आपल्या शास्त्रीमंडळींची एक शिस्त होती: सिद्धांत मांडण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तोही प्रतिपक्ष्याला स्वतःला साधला नसता इतका भक्कम. घरच्या वकिलानें अभिप्राय लिहितांना हीच शिस्त पाळावी. शेतकऱ्याची बाजू प्रथम पूर्ण लिहावी. मग संस्थेचें उत्तर द्यावें. पंचनाम्याची सूचना दोन्ही पक्षांस मिळाली होती काय, शिल्लक बियाणें गोदामांत आहे काय, हें पाहावें. सरकारवर दावा लावण्यापूर्वीं दोन महिन्यांची नोटीस द्यावी, असें दिवाणी संहितेचें ८० वें कलम सांगतें. तें याकरितांच, कीं त्या अवधींत कोणी शहाण्यानें कागद वाचावे. पुष्कळदां ती नोटीस नुसती पडून राहते व दोन महिने सरतात. घरच्या वकिलाचें खरें कोर्ट म्हणजे ते दोन महिने होत.

मात्र या कामास एक गोष्ट लागते, ती पुस्तकांत मिळत नाहीं. वरिष्ठांस हवा तो अभिप्राय न लिहिण्याचें धैर्य. बाहेरचा वकील एका पक्षकारास नकार देऊन दुसऱ्याकडे जाऊं शकतो. याला एकच पक्षकार, आणि पगार देणाराही तोच. खरें लिहिल्यास बढती लांबते, बदली दूर होते. येथेंच कुटुंबाचा संबंध येतो. ज्या घरीं ‘साहेबांच्या मनाप्रमाणें लिहून टाक ना’ असा सल्ला मिळतो, तेथला वकील लौकरच कारकून बनतो. ज्या घरीं खर्च बेताचा व बदलीची धास्ती थोडी, तेथल्या मुलामुलींस ताठ मानेनें लिहितां येतें.

म्हणून आमचें वडील मंडळींस सांगणें इतकेंच: मुलानें डगला खुंटीस टांगला म्हणून खंत करूं नका. संध्याकाळीं तो घरीं आला म्हणजे किती दावे जिंकले हें विचारूं नका. किती दावे लागूं दिले नाहींत, तें विचारा.