निबंध आधी गटात, मग वहीत

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या मराठी शाळेच्या एकाच वर्गात बीड-लातूरची, जळगाव-बुलढाण्याची आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुले मांडीला मांडी लावून बसतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून पोटापाण्यासाठी येणाऱ्यांनीच हे शहर वाढवले आहे. त्यांच्या मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. पण शाळेत लेखन म्हणजे बहुधा फळ्यावरचा किंवा गाईडमधला निबंध उतरवणे. घरी वेगळी बोली किंवा वेगळीच भाषा बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या धास्तीने कोऱ्या पानापुढे थिजते आणि तेही उतरवू लागते. यावर उपाय म्हणजे लेखनाची सुरुवात गटात करणे. गोष्ट चौघापाचांनी मिळून रचावी, एकट्याची वही त्यानंतर उघडावी.

हा प्रयोग नवखा नाही. इटलीतील बार्बियानाच्या डोंगरी शाळेत, परीक्षेत नापास ठरवलेल्या गरीब घरच्या आठ मुलांनी मिळून एक पुस्तक लिहिले. ते 1967 साली प्रसिद्ध झाले आणि मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले. त्यांची रीत साधी होती: एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहायचा, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, त्यांचे गठ्ठे लावायचे, दुबार मुद्दे काढायचे आणि मग एकेका वाक्यावर वाद घालत अनावश्यक शब्द छाटायचे. आपल्याकडे तर याची मुळे घरातच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मावळ-मुळशीसह ग्रामीण महाराष्ट्रातून जात्यावरच्या ओव्या जमवल्या; तो संग्रह लाखाच्या पुढे गेला. एकीने सुरू केलेली ओवी दुसरीने उचलायची, तिसरीने आपले दुःख त्यात घालायचे. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी एवढे वाङ्मय रचले, कारण ऐकणारी आणि साथ देणारी समोरच होती.

यावर पहिला आक्षेप असा की गटात हुशार मूलच लिहिते, बाकीची बघत राहतात. गट मोकळा सोडला तर तसे होईलच. म्हणून प्रत्येकाची चिठ्ठी सक्तीची हवी आणि लिहून घेणारा दर वेळी बदलायला हवा. दुसरा प्रश्न गुणांचा. गटाच्या मसुद्याला गुण देऊच नयेत. त्यावरून प्रत्येकाने स्वतः लिहिलेला लेख तपासावा. प्रतिभा एकट्याचीच असते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. चांगली कविता बहुधा एकांतातच लिहिली जाते, हे खरे. पण शाळेचे काम कवी निवडण्याचे नाही, प्रत्येक मुलाला स्वतःचे वाक्य लिहिता यावे हे आहे. राहिला वेळेचा प्रश्न. निबंध उतरवण्यात जातात त्याच तासिका यासाठी वापरता येतील.

या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत कामगार क्वालिटी सर्कलमध्ये एकत्र बसून यंत्राची अडचण सोडवतात, कारण ते यंत्र रोज हाताळणाऱ्याला काही सांगायचे असते हे तिथे मान्य झाले आहे. त्याच कामगाराच्या मुलाला शाळेने तेवढाच मान द्यावा. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी येत्या सत्रापासून पंधरवड्यातून एकदा सलग दोन तासिका गटलेखनासाठी राखून ठेवाव्यात. त्यासाठी नवा निधी लागत नाही, वेळापत्रक बदलण्याची तयारी लागते.