हेतुपत्र: आवडीची ग्वाही की युक्तिवाद?

उच्च शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज करताना गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले यांच्या जोडीने जे एक-दोन पानी पत्र मागितले जाते, ज्याला युरोपातील विद्यापीठे मोटिव्हेशन लेटर, अमेरिकेतील विद्यापीठे स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि कंपन्या कव्हरिंग लेटर म्हणतात, त्यास प्रस्तुत लेखात हेतुपत्र म्हटले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील विद्यार्थ्याची या पत्राशी गाठ बहुधा पदवीनंतरच पडते. कारण तोवरचे बहुतेक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांवर ठरतात, सरकारी नोकरीची वाट स्पर्धा परीक्षेतून जाते, आणि शाळेत शिकवलेले अर्जलेखन जाहिरात वाचल्याचा उल्लेख, पात्रतेची यादी व ‘संधी द्यावी ही नम्र विनंती’ एवढ्यावर आटोपते. कारणे देऊन स्वतःची बाजू मांडण्याची सवयच न लागल्यामुळे या पत्राविषयी तीन मते सर्वत्र ऐकू येतात: ते निव्वळ उपचार आहे, ती आत्मस्तुती आहे, आणि तो सधनांना झुकते माप देणारा अन्याय आहे. या तिन्ही मतांत सत्याचा काही अंश आहे. परंतु तिन्ही मते वाईट हेतुपत्राला लागू पडतात, हेतुपत्राला नव्हे, हे येथे दाखवावयाचे आहे.

पहिल्या मताचा आशय असा की, निवड गुणांवर होते, पत्र कोणी वाचत नाही, म्हणून ते सल्लागाराकडून, मित्राच्या जुन्या फाइलमधून किंवा आता संगणकाकडून तयार करून घ्यावे. जेथे प्रवेश केवळ गुणानुक्रमे होतो, तेथे हे खरेच आहे. पण तेथे हेतुपत्र मागितलेही जात नाही. ते मागितले जाते ते बव्हंशी गुणांनी उमेदवारांची चाळणी झाल्यानंतरही जागांपेक्षा पात्र उमेदवार अधिक उरतात तेव्हा, म्हणजे गुणपत्रिकेचा निर्णायकपणा संपल्यावर. अशा वेळी नक्कल केलेले पत्र निरुपयोगी ठरते, याचे कारण नैतिक असण्याआधी तांत्रिक आहे: जे वाक्य शंभर उमेदवारांच्या पत्रांत सारखेच बसते, ते त्या शंभरांतून एकाला वेगळे काढण्याच्या कामी येत नाही.

हा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. उल्हासनगरच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आणि पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करणारी एक विद्यार्थिनी घ्यावी. तिच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात लहानपणापासूनची निसर्गाची ओढ, प्रदूषणाची जागतिक समस्या आणि ‘आपल्या नामवंत संस्थेत ज्ञानार्जन करण्याची मनीषा’ एवढेच आहे. त्यात ती कोठेही नाही. दुसऱ्या मसुद्यात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी नदी येते, जिच्या पात्रात कारखान्यांचे सांडपाणी गेल्यामुळे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचले. विद्यार्थिनी सांगते की, तिने काकोळ्याजवळ, शिवमंदिराजवळ आणि उल्हासनगरच्या हद्दीत असे तीन ठिकाणी पाण्याचे नमुने घेतले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने, म्हणजे नमुन्यात आयोडीन मोकळे करून थायोसल्फेटच्या द्रावणाने स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत अनुमापन करून, मोजला. जैवरासायनिक प्राणवायूची गरज, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव जो प्राणवायू खर्च करतात त्याचे मान, काढण्यासाठी नमुने २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवले. पण जड धातू मोजण्याचे उपकरण महाविद्यालयात नसल्यामुळे प्रश्न अर्धवट राहिला, आणि ज्या विभागाकडे अर्ज केला आहे तेथे त्याच धातूंवर काम चालते. दुसरा मसुदा तिच्याशेजारी बसणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही आपल्या नावावर खपवता येणार नाही. संगणकाने त्याची भाषा घासूनपुसून दिली तरी बिघडत नाही. नमुना कोठे घेतला आणि काम कोठे अडले हे मात्र संगणकाला तिनेच सांगावे लागते.

दुसरे मत संस्कारांचा आधार घेते. स्वतःविषयी स्वतःच चांगले लिहिणे हा उथळपणा आहे, असे मराठी घरांत शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, आत्मस्तुती कशाला म्हणावे. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘नेतृत्वगुणसंपन्न’ ही विशेषणे स्वतःला लावणे ही आत्मस्तुती आहे, कारण ती वाचकाने काढायचा निष्कर्ष लेखकानेच काढून ठेवतात. याउलट केलेले काम, त्याची पद्धत, त्याचे माप आणि त्याची उणीव सांगणे ही साक्ष आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज करणाऱ्या आयटीआय उत्तीर्ण टर्नरने आपण निष्ठावान असल्याचे लिहिण्याऐवजी लेथवर कोणत्या धातूचा कोणता भाग किती मिलिमीटरच्या मर्यादेत कातला, किती नग नाकारले गेले आणि ते का, हे लिहिले, तर त्यात विनयाचा भंग होत नाही. उलट नाकारलेल्या नगांची कबुली हाच विनयाचा खरा पुरावा ठरतो.

या दोन्ही मतांचे खंडन करणारे एक पत्र या परिसराच्या इतिहासात आहे. ज्यांचे बालपण कल्याणात गेले, त्या आनंदीबाई जोशी यांनी २८ ऑगस्ट १८८३ रोजी न्यू जर्सीमधील रोझेल येथून पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून ॲल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करत नसू, हे त्यांनी त्यात मान्य केले. आप्तस्वकीय आणि जातिबांधव यांचा एकत्रित विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तोच निश्चय पुढचे काम तडीस नेईल, असे म्हटले. आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत देणे हा उद्देश सांगितला. पहिले अपत्य अवघ्या काही दिवसांत दगावल्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले होते; पण पत्राच्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या भागात त्याचा उल्लेख नाही. कणव जागवून प्रवेश मिळवण्याचा मार्ग हाताशी असताना त्यांनी युक्तिवादाचा मार्ग घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना त्याच महाविद्यालयाची एम.डी. ही पदवी मिळाली.

या पत्राची बांधणी न्यायशास्त्राच्या परिभाषेत नेमकी उलगडते. दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून देणाऱ्या अनुमानाचे त्या शास्त्राने पाच अवयव मानले आहेत: जे सिद्ध करायचे ते विधान म्हणजे प्रतिज्ञा; त्याचे कारण म्हणजे हेतू; ते कारण सामान्यतः कसे लागू पडते हे दाखवणारा दाखला म्हणजे उदाहरण; तो नियम प्रस्तुत प्रकरणाला जोडणे म्हणजे उपनय; आणि सिद्ध झालेले विधान पुन्हा मांडणे म्हणजे निगमन. आनंदीबाईंच्या बाबतीत प्रवेश मिळावा ही प्रतिज्ञा, देशभगिनींची गरज हा हेतू, पुरुष डॉक्टर असूनही उपचाराविना राहणारी स्त्री हे उदाहरण, आणि विरोध डावलून केलेला प्रवास हा उपनय, कारण ती गरज भागवणारी व्यक्ती प्रत्यक्ष दाराशी येऊन उभी आहे हे त्यातून सिद्ध होते. आजच्या बहुसंख्य हेतुपत्रांत प्रतिज्ञा आणि निगमन एवढेच असते, म्हणजे एकच मागणी आरंभी व शेवटी केलेली असते, आणि मधले तीन अवयव गायब असतात. त्यांतही उपनय सर्वांत दुर्मीळ असतो: हाच विभाग का, हेच काम का आणि हाच उमेदवार का, या तीन धाग्यांची गाठ तेथे बसते, आणि ती नसेल तर संस्थेचे नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे धाडता येते.

तिसरे मत सर्वांत वजनदार आहे. ज्याच्या घरी इंग्रजी लिहिणारे माणूस आहे, जो सल्लागाराला पैसे देऊ शकतो, त्याचे पत्र सफाईदार उतरते. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून शिकणाऱ्या, घरातल्या पहिल्या पदवीधराचे तसे उतरत नाही. म्हणून पत्र रद्द करून केवळ गुण पाहावेत, असे हे मत सांगते. विषमतेचे निदान खरे आहे, पण उपाय चुकीचा आहे, कारण खासगी शिकवणीच्या जोरावर वाढलेल्या गुणांतही तीच विषमता असते आणि तेथे ती आकड्याआड दडते. गुण केवळ निष्पत्ती सांगतात; कोणत्या परिस्थितीतून ती निष्पन्न झाली हे सांगण्याची जागा हेतुपत्रातच मिळते, आणि ती जागा रद्द झाल्यास नुकसान प्रथम त्याच पहिल्या पदवीधराचे होईल. ब्रिटनमधील विद्यापीठप्रवेशाची मध्यवर्ती संस्था यूकॅस हिने २०२६ च्या प्रवेशांपासून निवडलेला मार्ग या दृष्टीने उद्बोधक आहे: तिने ४,००० अक्षरचिन्हांचे एकसलग निवेदन काढून टाकले, पण निवेदन रद्द केले नाही, त्याऐवजी हा अभ्यासक्रम का, आजवरच्या शिक्षणाने कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर कोणती, असे तीन प्रश्न ठेवले. प्रश्न नेमका असला की भाषेच्या सफाईला उरणारा वाव कमी होतो आणि मजकुराचे मोल वाढते.

यावरून मंडनपक्ष असा ठरतो की, हेतुपत्र म्हणजे उमेदवाराने पुराव्यासह मांडलेला आणि वाचकाला तपासता येणारा युक्तिवाद होय. त्यात आवडीला स्थान आहे, पण ती आवड कोणत्या कामात उतरली हे दाखवल्यावर. पत्र मागणाऱ्यांनी ‘स्वतःविषयी लिहा’ असा मोघम आदेश न देता नेमके प्रश्न विचारावेत आणि भाषेपेक्षा पुराव्याला गुण द्यावेत. महाविद्यालयांनी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याकडून आपल्याच प्रकल्पाविषयी असे पत्र आधी मराठीत लिहून घ्यावे, कारण जो युक्तिवाद स्वभाषेत उभा राहत नाही, तो इंग्रजीत केवळ उभा राहिल्याचा भास होतो. आणि उमेदवाराने पत्र धाडण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या अर्जात जसेच्या तसे बसते काय? बसत असेल, तर ते खोडून त्या जागी स्वतः केलेले काम लिहावे. आणि लिहिण्यासारखे काम सापडत नसेल, तर उणीव पत्रात नसून तयारीत आहे, हे वेळीच कळणे हाही हेतुपत्र लिहिण्याचा मोठा लाभ आहे.