स्वस्तातला फुल फ्रेम डीएसएलआर: कमावून देणारा की हप्ते खाणारा?



फोटोग्राफी व्यवसायावरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, फुल फ्रेमवर जाऊ का? सेकंडहँड कॅनॉन ६डी मार्क २ चांगल्या भावात मिळतोय." विचारणारे बरेचसे तालुक्याच्या गावात लग्न, बारसं, डोहाळजेवण अशा ऑर्डरी घेणारे. काहींनी तर अजून एकही ऑर्डर घेतलेली नाही, पण कॅमेरा मात्र ठरलाय!

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमची कमाई फोटोतून होत असेल आणि काम कमी उजेडातलं असेल, तर जरूर घ्या. कमाई रील्स आणि व्हिडिओवर असेल, तर घेऊ नका. आणि गिऱ्हाईकच नसेल, तर सध्या कॅमेरा भाड्याने आणा. आता का, ते बघू.

'एंट्री लेव्हल' हा शब्द फसवा आहे. फुल फ्रेमच्या घरातली ती पहिली पायरी, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीला वरचं मॉडेलही विकायचं असतं, म्हणून खालच्या मॉडेलमधून काही गोष्टी मुद्दाम कमी केल्या जातात. ६डी मार्क २ आला २०१७ मध्ये. त्याच्या वर्षभर आधी ५डी मार्क ४ आला होता, त्यात दोन कार्डांची सोय, ४के व्हिडिओ, हेडफोनची जागा, ६१ फोकस पॉइंट असं सगळं होतं. धाकट्याला यातलं काही दिलं नाही. म्हणून कॅमेरा बघताना नुसतं 'काय आहे' विचारू नका, 'काय काढून घेतलंय' तेही विचारा. कोणत्याही मशीनला हा प्रश्न लागू पडतो, पापड लाटायच्या मशीनलासुद्धा.

आधी चांगलं बोलू. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्रॉप कॅमेऱ्याच्या अडीच पटीपेक्षा जास्त क्षेत्रफळाचा. याचा पैशात फायदा कुठे? मंगल कार्यालयात. तिथला उजेड कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. स्टेजवर लाल-निळे लाइट, खाली पिवळे बल्ब, आणि नेमकं अंतरपाटाच्या वेळी सगळे नातेवाईक उजेड अडवून उभे. अशा वेळी आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर काढलेला फोटो अल्बममध्ये मोठा छापता येतो, चेहऱ्याचा रंग टिकतो. क्रॉपवर तोच फोटो लवकर दाणेदार होतो.

दुसरा फायदा जागेचा. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत हळद चालू असेल तर तुम्ही पाठ भिंतीला टेकवूनही सगळे फ्रेममध्ये येत नाहीत. फुल फ्रेमवर तीच लेन्स खरी ५० मिमी राहते. गावाकडच्या घरांत हा फरक रोज जाणवतो.

बॅटरी हा तर धंद्याचाच मुद्दा. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीनुसार ६डी मार्क २ एका चार्जमध्ये १२०० फोटो देतो. याच कंपनीचा स्वस्त फुल फ्रेम मिररलेस, २०१९ चा आरपी, त्याच चाचणीत २५० देतो. कार्यालयात लाइट गेली, जनरेटर स्टेजपुरताच आहे, अशा दिवशी हा आकडा आठवेल. शिवाय बाहेर वळणारा टचस्क्रीन, मागच्या स्क्रीनवरून फोकस करताना चेहरा पकडून ठेवणारी ड्युअल पिक्सेल यंत्रणा, वाय-फायने मोबाइलवर लगेच फोटो. नवरीच्या बहिणीला स्टेटससाठी दोन फोटो जागेवर दिले, की पुढची ऑर्डर तिथेच बोलली जाते.

आता दुखणं. माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे कार्ड एकच लागतं. बाकीच्या उणिवा फोटो कमी-जास्त करतील, ही उणीव तुमचं नाव घालवू शकते. लग्न पुन्हा लागत नाही. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, आणि घरी आल्यावर कार्ड उघडलंच नाही, तर पैसे परत देऊनही प्रश्न सुटत नाही. छोट्या गावात ती गोष्ट दहा वर्षं तुमच्या आधी गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेली असते. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने यावर साधी पद्धत बसवली आहे. एकच मोठं कार्ड वापरायचं नाही, ३२ जीबीची चार-पाच ठेवायची. हळद संपली की कार्ड बदल, लग्न लागलं की बदल. एका रॉ फाइलला ३० एमबीच्या आसपास जागा धरली तरी एका कार्डात एक विधी आरामात मावतो. जेवणावळ चालू असताना भाऊ लॅपटॉपवर कॉपी करतो. एवढं केलं तरी कॉपी होईपर्यंतचा धोका राहतोच, म्हणून मोठ्या ऑर्डरीला त्याच्याबरोबर दुसरा कॅमेरा असतो.

ही कटकट नको असेल तर निकॉनचे जुने डी६१० किंवा डी७५० बघा. दोघांतही दोन एसडी कार्डं लागतात, दोघेही २४ मेगापिक्सेलचे. पण स्क्रीनवर बघून व्हिडिओ काढताना त्यांचा फोकस फार रेंगाळतो, हे ध्यानात ठेवा.

६डी मार्क २ चे ४५ फोकस पॉइंट व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध गोळा झालेत. नवरा-नवरीला फ्रेमच्या कडेला ठेवायचं तर आधी मध्यावर फोकस धरून मग कॅमेरा हलवावा लागतो. एफ १.८ वर जवळून काढताना त्या हलवण्यात डोळ्याऐवजी कान फोकसमध्ये येतो. उपाय आहे: अशा फोटोला मागच्या स्क्रीनवरून फोकस करा, तिथे फ्रेमचा बराच मोठा भाग वापरता येतो. दुपारच्या उन्हात दुसरी अडचण. नवऱ्याचा पांढरा शेरवानी वाचवायला फोटो थोडा काळपट घेतला आणि संगणकावर सावल्या उचलल्या, की त्यात दाणे दिसतात. कमी आयएसओवर त्या वेळचे निकॉन याहून बरे होते. म्हणून उन्हात फ्लॅश हवाच, आणि या बॉडीला अंगचा फ्लॅश नाही. तो खर्च वेगळा धरा.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. ४के नाही, फक्त टाइमलॅप्सपुरतं आहे. फुल एचडी ६० फ्रेमपर्यंत मिळतं. माइक लागतो, हेडफोन लागत नाही, म्हणजे आवाजात खरखर आली तर ती घरी आल्यावर कळणार. पार्ट्या आता कोटेशनमध्येच ४के मागतात. तिथे वाद घालून उपयोग नाही.

प्रॉडक्ट फोटोग्राफी करणाऱ्यांना सांगतो, मसाल्याची पाकिटं, दागिने, साड्या यांच्यासाठी फुल फ्रेमच्या मागे लागू नका. टेबलावर दोन चांगले लाइट, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८. एवढं असलं की क्रॉप कॅमेरा पुरून उरतो. ऑनलाइन दुकानाच्या छोट्या चौकोनात फरक कोणाला दिसणार?

आता हिशोब, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. बॉडीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. क्रॉप कॅमेऱ्यासोबत आलेली तुमची १८-५५ ही ईएफ-एस लेन्स यावर बसतच नाही. म्हणजे नवी लेन्स, फ्लॅश, जास्तीची बॅटरी, कार्डं. उदाहरणासाठी सगळं मिळून दीड लाख धरा, १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचं कर्ज. हप्ता येतो साधारण ७,३५० रुपये. लग्नसराईत तो सहज निघेल. पण चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात आणि बँकेला चातुर्मास नसतो. त्या चार महिन्यांचे सुमारे २९,४०० रुपये बाजूला ठेवता येतील एवढ्या ऑर्डरी हातात आहेत का? वहीत लिहून बघा. नसतील तर या सीझनला भाड्याने आणा आणि भाडं कोटेशनमध्ये धरा. पाच-सहा ऑर्डरींनंतर कळेल की तुम्हाला कमी उजेडाची ताकद खरोखर लागते की नुसतं गळ्यात मोठा कॅमेरा दिसावा असं वाटतंय. तसं वाटण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी कर्ज नको.

"पण सर, डीएसएलआर आता बंदच होणार ना?" हेही विचारलं जातं. कॅनॉन आणि निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे खरं. म्हणून नवीन पूर्ण किमतीला घेण्यात मला अर्थ वाटत नाही. पण सेकंडहँड बाजारासाठी हीच गोष्ट आपल्या फायद्याची, भाव खाली येतात. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून कॅनॉनच्या मिररलेसवर चालतात, त्यामुळे पैसे लेन्सवर घातले तर ते पुढेही कामाला येतात. बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त.

घेताना एवढं बघा. लग्नातला कॅमेरा असेल तर शटर किती वेळा पडलंय ते सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. वळणारा स्क्रीन पूर्ण फिरवून बघा. कार्ड चार-पाच वेळा काढा-घाला. मूळ बिल मागा, त्यावरचा सिरियल नंबर बॉडीशी ताडून पाहा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

पुढच्या व्हिडिओत लग्नाच्या ऑर्डरीचं कोटेशन ओळीओळीने लिहून दाखवणार आहे. त्यात फोटो गेले तर जबाबदारी किती आणि कोणाची, हे आधीच कसं लिहून घ्यायचं तेही घेऊ. तुमचं जुनं कोटेशन समोर ठेवून बसा.